तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं : ‘आमच्यानंतर ह्याचं कोण बघणार?’

मागच्या अंकात दिव्यांग माणूस घरात असलेल्यांकडून प्रश्न मागवले होते आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं सगळीकडून इतकं आलं की संपादकांनी मला एक पान जास्त दिलंय. तरी पुरणार नाहीच. सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत, घरच्या खुणाही बदलल्यात. मी विशेष शिक्षिका आहे, वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे सांगते ते आपल्या रोजच्या कामापुरतं, मालमत्तेच्या कागदावर सही करायच्या आधी वकिलाला दाखवाच.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेला शिक्षक, वय ६९. मुलगा ३२ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता, सर्टिफिकेटवर ७५ टक्के. स्वतःच्या हाताने जेवतो, अंघोळीला सांगावं लागतं, पैसे कळत नाहीत. चार वाजले की गेटपाशी जाऊन उभा राहतो, गल्लीतल्या शाळेतून येणाऱ्या प्रत्येक पोराला हात करतो. हिचे गुडघे गेलेत, मला मागच्या वर्षी स्टेंट टाकला. मुलगी पुण्यात असते, जावई चांगले आहेत पण त्यांचाही संसार आहे. ओळखीचे एक जण म्हणतात, घर त्याच्या नावावर करून टाका, म्हणजे घराच्या आशेने का होईना कोणीतरी सांभाळेल. करू का? (सांगली जिल्हा)

उत्तर : सर, नका करू. निदान असं तरी नका करू. ज्याला पैसे कळत नाहीत त्याच्या नावावर घर म्हणजे जो कोणी त्याचा हात धरून अंगठा उमटवून घेईल त्याचं घर. आणि हा जो ‘कोणीतरी’ आहे ना, त्याची वाट बघत बसलेली खूप घरं मी बघितली, तो येत नसतो. आला तर घरासाठी येतो, हे तुमच्या ओळखीच्यांनीच सांगून ठेवलंय.

आधी कागदाचं संपवू. बऱ्याच आईवडलांना माहीत नसतं की मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीने आपण त्याचे पालक उरत नाही, मग ते कितीही गंभीर दिव्यांग असो, आणि हे कळतं कधी तर बँकेत काउंटरवर. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा आहे, १९९९ चा. त्याच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, कलेक्टर तिचे प्रमुख, सोबत एक नोंदणीकृत संस्था आणि एक दिव्यांग व्यक्ती. त्या समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा, कोर्टात जावं लागत नाही. आज तुम्ही स्वतः पालक म्हणून सर्टिफिकेट घ्या, बँका ते मान्य करतात. तुमच्या पश्चात मुलगी किंवा दुसरं कोणी याच समितीकडे अर्ज करेल, तर तो माणूस कोण हे आत्ताच ठरवून, त्याला विचारून, मृत्युपत्रात लिहून ठेवा. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशोब सादर करावा लागतो. लोकांना ही कटकट वाटते. मला तर हीच त्या कायद्यातली सगळ्यात आवडती गोष्ट वाटते, कारण बाहेरचं कोणीतरी वर्षातून एकदा विचारणार आहे की बाबा त्याच्या पैशाचं काय केलंस.

घराचं असं बघा की मृत्युपत्रात त्याला तिथे राहायचा हक्क आणि मालकी या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवता येतात, किंवा खासगी ट्रस्ट करून दोन तीन विश्वस्त नेमता येतात, त्यातला एक तरी नात्याबाहेरचा ठेवा. हे वकिलाकडून. तुम्ही पेन्शनर आहात, तर मुलाचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तुमच्या हयातीतच लावून घ्या, कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ते आयुष्यभर मिळू शकतं पण मागून धावाधाव करणाऱ्या बहिणींचे जे हाल होतात ते मी बघितलेत. राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ आरोग्य विमा काढला नसेल तर काढा, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आधी मेडिकल तपासणी लागत नाही, आणि दवाखान्यात ॲडमिट न होता केलेल्या उपचारांचा आणि थेरपीचाही खर्च ठरलेल्या मर्यादेत मिळतो. या चार गटांसाठीच आहे तो.

झालं कागदाचं. आता जे मला खरं म्हणजे बोलायचंय ते.

सर, तुमच्या पत्रात किती माणसं आहेत मोजा. तुम्ही, वहिनी, मुलगी, जावई. ३२ वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात चार माणसं, त्यातली दोन पुण्यात. पाचवी माणसं पण आहेत पण ती तुम्ही माणसं म्हणून धरलीच नाहीत, गेटवरून ज्यांना तो हात करतो ती. एक मूल आणि एक आई असं ते जे आपल्याकडे जोडून टाकलेलं असतं, सगळे म्हणतात काय माऊली आहे बघा, त्या कौतुकाचा मला आता रागच येतो, कारण त्या माऊलीचा गुडघा गेला की सगळंच बसतं. त्याला कसं भरवायचं, कसं शांत करायचं हे फक्त एकाच माणसाला माहीत असणं यासारखा धोका नाही. पैसा कमी असलेल्या पण दहा माणसांना ओळखणाऱ्या मुलांचं पुढे बरं चाललेलं मी बघितलंय, आणि भरपूर एफडी असलेल्यांचे हालही.

म्हणून उद्यापासून एक करा. त्याला बाहेर काढा, रोज, ठरलेल्या ठिकाणी. त्याच न्हाव्याकडे, त्याच किराणा दुकानात, त्याच मेडिकलवाल्याकडे. दुकानदाराला सांगा, अर्धा तास ह्याला पिशव्या घडी घालायला बसवा, पैसे नकोत. सुरुवातीला तुम्ही सोबत बसा, मग ओट्यावर बसा, मग घरी थांबा. गल्लीतल्या गणपती मंडळाला त्याच्यासाठी एक काम द्यायला सांगा, आरतीच्या वेळी ताट धरायचं असेल, खुर्च्या मांडायच्या असतील, पण दरवर्षी तेच आणि त्याचंच. व्यासपीठावर बोलावून शाल नको, काम द्या म्हणावं.

दुसरं म्हणजे वही. साधी शंभर पानी वही घ्या आणि वहिनींना बोलायला लावा, तुम्ही लिहा. भाकरी दुधात कुस्करून लागते का कोरडी, गोळी कशात घालून द्यायची, अंघोळीला ‘चल’ म्हटलं की उठतो का टॉवेल हातात दिला की उठतो, दुखलं तर कसं दाखवतो. माझ्या एका विद्यार्थ्याचा दात दुखला की तो कान धरून बसायचा, त्याची आई गेल्यावर काकांनी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तिथे काही निघालं नाही, आणि दात किडतच राहिला. हे आईला माहीत होतं, लिहिलेलं कुठेच नव्हतं.

तिसरं, तुम्ही असतानाच त्याला तुमच्याशिवाय राहायची सवय. आधी मुलीकडे दोन रात्री, मग आठवडा, मग एखाद्या निवासी संस्थेत थोडे दिवस. पहिल्यांदा रडेल, जेवणार नाही, तुम्हीही जेवणार नाही. तरी करा, कारण आईचं तेरावं आणि नवीन जागा हे दोन्ही एकाच आठवड्यात त्याच्यावर येऊन पडणं फार क्रूर आहे. संस्था बघताना रंग आणि बाग बघू नका, संध्याकाळी सातनंतर न सांगता जा, रात्रपाळीला किती माणसं आहेत विचारा, मुलांच्या अंगावर स्वतःचे कपडे आहेत का सगळ्यांचे एकत्र गठ्ठ्यातले ते बघा, भेटायला कधीही येऊ देतात का विचारा. ‘महिन्यातून एकदाच’ म्हणणाऱ्या ठिकाणी माझा जीव तरी धजणार नाही. आपल्याकडे चांगली कामं पालकांनी एकत्र येऊनही उभी केलीत, डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल आहे ते पालकांचंच. नाशिकला रजनीताई लिमयेंनी १९७७ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर ही शाळा सुरू केली. सांगली, कोल्हापूर, मिरज भागातल्या पाच सहा पालकांनी महिन्यातून एकदा नुसतं भेटायचं ठरवलं तरी खूप होतं, एकाच्या दुखण्यात दुसऱ्याच्या घरी पोरगं राहू शकतं.

आणि परक्यांनी सांभाळायचं म्हणजे काहीतरी अघटित असं वाटत असेल तर बेल्जियममधल्या गील गावाचं ऐका. तिथली साधी कुटुंबं मनोरुग्णांना आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना कित्येक शतकांपासून आपल्या घरात ठेवून घेतायत. मनोरुग्णांची संत मानल्या जाणाऱ्या डिम्फनाच्या चर्चला येणारे लोक मावेनासे झाले म्हणून गावकऱ्यांनी घरं उघडली, तिथून सुरू झालं. १९३० च्या दशकाच्या शेवटाला साडेतीन हजारांवर लोक असे राहत होते. आता आकडा खूप कमी झालाय, पण पद्धत चालू आहे, कुटुंबाला सरकारकडून पैसे मिळतात आणि मागे हॉस्पिटलची टीम असते. नुसत्या भूतदयेवर ते टिकलेलं नाही हे महत्त्वाचं.

मुलीचं राहिलं. तिला अजून विचारलंच नाहीये ना तुम्ही? पत्रातून तसंच वाटतंय. ‘ती बघेलच’ आणि ‘तिला कशाला त्रास’ या दोन्ही गोष्टी आपण तिच्या वतीने ठरवतो. तिला आणि जावयांना बसवून स्पष्ट विचारा की तू काय करू शकतेस आणि काय नाही. कदाचित ती म्हणेल मी कायदेशीर पालक होते, पैशाचं बघते, पण माझ्या घरी रोज नाही ठेवू शकत. तर ते उत्तर चांगलं आहे, ते घ्या, रुसू नका.

आणि मुलालाही विचारा. त्याला कळत नाही म्हणू नका, कोणाकडे राहायला आवडतं हे त्याला नक्की कळतं, बॅग भरताना चेहरा बघा फक्त.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, स्पायनल इंज्युरीमुळे व्हीलचेअरवर. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे पण लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या. रोज वॉचमन आणि कोणीतरी मला खुर्चीसकट उचलतात. रॅम्पचं विचारलं तर कमिटी म्हणते पार्किंग जाईल, आणि ‘आम्ही आहोत ना उचलायला, तू आपलाच आहेस’. एकाने पाच फुटी लोखंडी फळी टाकायची तयारी दाखवलीय. आई म्हणते घे की, कशाला वाईटपणा. (ठाणे)

उत्तर : फळी घेऊ नका, पडाल. हिशोब सोपा आहे, उतार १ ला १२ हवा, म्हणजे जितके इंच चढायचं तितके फूट लांबी. सहा सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, म्हणजे १८ फूट रॅम्प. एका रेषेत जागा नसेल तर नऊ नऊ फुटांचे दोन तुकडे आणि मधे व्हीलचेअर वळेल इतकी सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा, आणि फरशी खरखरीत, ती चकचकीत ग्रॅनाइट बसवतात तसली नको, पावसाळ्यात त्यावर चालती माणसंही घसरतात. हे माप केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमधलंच आहे. पाच फुटी फळीवर १८ इंच चढणं म्हणजे मागून ढकलणाऱ्याचा हात सुटला की संपलं.

कमिटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, सोबत मापाचं साधं ड्रॉइंग आणि एका कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन जोडा, कारण ‘बघू’ म्हणणाऱ्यांना कागद बघायला आवडत नाही पण नाही म्हणताही येत नाही. वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. नाहीच हललं तर उपनिबंधक, आणि राज्याचे दिव्यांग आयुक्त, त्यांचं ऑफिस पुण्यात आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली तक्रार ऐकताना त्यांना दिवाणी कोर्टाचे काही अधिकार असतात. सभेत बोलायला एकटे जाऊ नका. दुसऱ्या मजल्यावरच्या गुडघे बदललेल्या काकू, बाबागाडीवाली, सिलिंडर चढवणारा, हे सगळे तुमचे मतदार आहेत.

‘आपलाच आहेस’ बद्दल एक. उचलणारे मनाने चांगलेच असतात, ते नाकारायचं कारण नाही. पण रात्री अकराला आईस्क्रीम खायला जावंसं वाटलं तर दोन माणसं गोळा करावी लागतात, म्हणून मग जावंसं वाटणंच बंद होतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा. आईंना माझा नमस्कार, आणि त्यांना म्हणावं वाईटपणा थोडा घ्यावाच लागतो.

प्रश्न : ताई कोणाला विचारू कळत नाही म्हणून लिहितेय. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, मतिमंद म्हणतात तशी, बोलते थोडं. दोन महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली. पॅड काढून फेकते, शाळेत डाग पडले, सासूबाई आणि नणंद म्हणतात पिशवी काढून टाक, सगळ्यांचीच सुटका, उद्या कोणी काही केलं तर निदान… पुढचं लिहवत नाही. (जालना)

उत्तर : अगं, बरं झालं लिहिलंस. पिशवी काढायची नाही, हे आधी आणि ठामपणे. २०१६ च्या कायद्यात स्पष्ट आहे की मूल होण्याची क्षमता जाईल असा कुठलाही उपचार दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करायचा नाही. आपल्या महाराष्ट्राला याचा जुना काळा इतिहास आहे, १९९४ साली शिरूरच्या सरकारमान्य संस्थेतल्या मुलींच्या पिशव्या पुण्यात काढल्या गेल्या, स्वच्छतेचं कारण देऊन, त्यावर देशभर गदारोळ झाला होता.

आणि ते जे तुला लिहवलं नाही, त्याबद्दल. पिशवी काढल्याने अत्याचार थांबत नाही. उलट करणाऱ्याला कळलं की दिवस राहायची भीती नाही तर तो जास्तच निर्धास्त होतो. त्यावर उपाय म्हणजे तिला शिकवणं, तिच्या अंगाला कोण आणि कशासाठी हात लावू शकतं, नको असेल तर ओरडायचं, हात झटकायचा, तुझ्याकडे यायचं. हे रोज अंघोळीच्या वेळी, त्याच शब्दांत. आणि असं काही झालंच तर पोक्सो आहे, डॉक्टर आहेत, लपवायचं नाही.

आता पॅडचं, हे जमतं गं, माझ्या बहुतेक मुली शिकल्या. पाळी नसतानाच्या दिवसांत सराव कर. चड्डीच्या आतून लाल दोऱ्याने पॅडच्या आकाराची रेघ शिवून टाक, म्हणजे चिकटवायचं कुठे ते तिला दिसेल. रोज एक तास नुसतं पॅड लावून बसायचं, मग दोन तास, तिच्या आवडीचं टीव्हीवर काही असेल तेव्हा. पॅडवर थोडं लाल रंगाचं पाणी टाकून बदलायला शिकव, कारण तिला कोरडं पॅड आणि रक्ताचं पॅड यातला फरकच माहीत नाही, म्हणून घाबरून फेकते. तुझं स्वतःचं बदलताना एकदोनदा तिला दाखव, लाज वाटेल, पण आईकडूनच ती शिकणार ना. बाथरूममध्ये भिंतीवर क्रमाने चित्रं लाव : काढायचं, कागदात गुंडाळायचं, डब्यात टाकायचं, धुवायचं, नवीन लावायचं, हात धुवायचे. कॅलेंडरवर तिलाच टिकली लावू दे. शाळेच्या दप्तरात गडद रंगाची एक चड्डी आणि दोन पॅड, आणि बाईंना सांगून ठेव, त्यांनी घरी पाठवायचं नाही, बदलायला मदत करायची. काही महिने लागतील. रक्तस्राव फारच जास्त असेल किंवा पाळीच्या आधी फिट्स वाढत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, त्यावर गोळ्या औषधं आहेत.

सासूबाईंना हे पान वाचायला दे. त्या दुष्ट नसतील, घाबरल्यात.

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा, ऑटिझम. शाळेने सांगितलं की शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्यासोबत बसणारी बाई) स्वतःच्या खर्चाने ठेवा नाहीतर दाखला घेऊन जा. (नाशिक)

उत्तर : दाखला घेऊ नका. हेच वाक्य त्यांना लेखी मागा, बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो. २०१६ चा कायदा सरकारी आणि सरकारमान्य शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला आणि गरजेप्रमाणे सोयी करायला सांगतो, शिवाय ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या नेमणुकीबद्दल आदेश दिलाय, प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण आहे. आधी शिक्षणाधिकारी, मग दिव्यांग आयुक्त.

पण वर्गशिक्षिकेशी भांडू नका, ५० मुलांत ती एकटी असते. तिला पान दीड पानाचं लिहून द्या की याला घंटेचा आवाज सहन होत नाही, घंटेआधी दोन मिनिटं बाहेर न्यावं, सूचना एका वेळी एकच द्यावी, चिडला तर हात धरू नये. शॅडो टीचरचं माझं मत विचाराल तर सतत एक मोठं माणूस चिकटलेलं असलं की बाकीची पोरं त्या मुलाशी बोलतच नाहीत, सगळं त्या बाईंना विचारतात. बाकावर शेजारी कोण बसतं याकडे जास्त लक्ष द्या.

थोडक्यात : प्रवास सवलतीचं खूप जणांनी विचारलंय. साध्या एसटीत दिव्यांग व्यक्तीला ७५ टक्के सूट, ६५ टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सोबत्याला ५० टक्के. रेल्वेत बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्यांना स्लीपरला ७५ टक्के, सोबतच्या एका माणसाला तेवढीच. ऑनलाइन तिकिटासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं.

इन्कम टॅक्सचं : घरातल्या अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५ हजारांची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची, पण जुन्या पद्धतीने टॅक्स भरणाऱ्यांनाच.

ग्रामपंचायतीचं विचारणाऱ्या बीडच्या दादांना : स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून मागच्या वर्षीचा खर्च विचारा, तोंडी सांगितलं तर रजिस्टर दाखवा म्हणा.